विहारयात्रा : थोड्या खर्चांत, एका दिवसांत

सुट्टी जवळ आली कीं घरोघरीं सहलीचे बेत सुरू होतात, आणि बेताबरोबर खर्चाचा आंकडाही मांडला जातो. अजिंठा-वेरूळ पाहावयाचें तर चार दिवस मोकळे हवेत. सांची-नालंदा तर त्याहूनही लांब. शेवटीं “यंदा राहूं द्या” असें म्हणून बेत मोडतो. वैतरणा, सफाळें, पालघर, बोईसर या पट्ट्यांत राहणाऱ्या मंडळींस आज मला एवढेंच सुचवावयाचें आहे, कीं शेंकडों वर्षें भिक्षूंनीं गजबजलेला एक मोठा विहार आणि त्याला पोसणारें एक प्राचीन बंदर हीं दोन्हीं आपल्या रोजच्या गाडीच्या वाटेवरच आहेत. तीं स्थळें म्हणजे कान्हेरी आणि सोपारें. दहा-वीस जणांनीं वर्गणी काढावी, सकाळीं निघावें, आणि दिवेलागणीस घरीं परत यावें, इतकी ती सोपी गोष्ट आहे.

या सहलीस मीं विहारयात्रा असें म्हटलें आहे. या शब्दाला एक मोठा इतिहास आहे. सम्राट अशोकानें आपल्या आठव्या शिलालेखांत म्हटलें आहे, कीं पूर्वीं राजे विहारयात्रेला निघत, म्हणजे मृगया आणि तशाच इतर करमणुकी करीत हिंडत. राज्याभिषेकाला दहा वर्षें झालीं तेव्हां आपण संबोधीस, म्हणजे बोधगयेस, गेलों आणि तेथून धर्मयात्रेची चाल सुरू झाली. या यात्रेंत काय करावयाचें, तेंही त्यानें सांगून ठेविलें आहे : ब्राह्मण-श्रमणांची भेट घ्यावी, त्यांस दान द्यावें, वृद्धांचें दर्शन घ्यावें, खेड्यापाड्यांतील जनांस भेटावें, त्यांच्याशीं धर्माची चर्चा करावी. प्रवास कशासाठीं करावा, याचा हा बावीसशें वर्षांपूर्वींचा विचार आहे. आणि योग असा, कीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांना इ. स. १८८२ मध्यें सोपाऱ्यास जो शिलालेखाचा तुकडा मिळाला, तो नेमका या आठव्या लेखाचा होता. पुढें १९५६ मध्यें जवळच्या भुईगांवीं नवव्या लेखाचाही तुकडा हातीं आला.

तेव्हां आपला पहिला मुक्काम सोपारें. वैतरण्याहून गाडींत बसलें कीं विरार, आणि त्यापुढचें स्थानक नालासोपारें. डहाणूपर्यंत लोकलगाड्या २०१३ पासून धांवूं लागल्यामुळें आतां हा प्रवास स्वस्त झाला आहे. स्थानकाच्या पश्चिमेस रिक्षानें थोडें अंतर गेलें कीं एक विटांचा स्तूप लागतो. गांवकरी त्याला बुरुड राजाचा कोट म्हणत आले. जुन्या ग्रंथांत या गांवाचें नांव शूर्पारक असें आहे. महाभारताच्या वनपर्वांतील तीर्थांतही तें येतें. येथील पूर्ण नांवाचा व्यापारी बुद्धाचा शिष्य झाला, अशी कथा बौद्ध वाङ्मयांत प्रसिद्ध आहे.

पंडित भगवानलाल आणि जेम्स कॅम्बेल यांनीं १८८२ च्या एप्रिलांत हा स्तूप खणला. आंत दगडाची एक गोल पेटी निघाली. तिच्या मध्यभागीं तांब्याचा करंडा होता, आणि त्याच्याभोंवतीं आठ लहान बुद्धमूर्ति मांडलेल्या होत्या : सात होऊन गेलेले बुद्ध आणि आठवा पुढें येणारा मैत्रेय. करंड्यांत करंडा असा क्रम लावून शेवटीं सोन्याची डबी होती, आणि तींत मातीच्या भांड्याचे तेरा तुकडे जपून ठेविलेले होते. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे असावेत असें भगवानलालांचें मत पडलें. सोन्याचीं फुलें आणि सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णि याचें एक चांदीचें नाणेंही बरोबर मिळालें. मूर्ति मात्र त्या नाण्याहून बऱ्याच अलीकडच्या, साधारण आठव्या-नवव्या शतकांतल्या आहेत. यावरून उघड होतें, कीं शेंकडों वर्षांनंतरही कोणी तरी हा ठेवा श्रद्धेनें उघडून पुन्हां मांडला.

आज या वस्तु तेथें नाहींत. करंडे आणि मूर्ति मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहीं आहेत, आणि शिलालेखाचा तुकडा छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत. जाग्यावर उरला आहे तो विटांचा उंचवटा, आणि त्याच्या भोंवतीं झपाट्यानें वाढणारें शहर. माहिती नसलेल्याच्या नजरेला तो एक ढिगारा दिसतो. म्हणून निघण्यापूर्वीं आदल्या संध्याकाळीं सर्वांनीं जमून कोणी तरी हा इतिहास वाचून दाखवावा. जें स्थळ लोकांच्या ओळखीचें नसतें, त्याच्या रक्षणासाठीं पुढें कोणीही बोलत नाहीं.

सोपाऱ्यास तासभर पुरे. मग बोरिवलीस उतरून राष्ट्रीय उद्यानांत शिरावें. दारापासून कान्हेरी सहा-सात किलोमीटर आंत आहे. तेवढ्यापुरतें वाहन करावें. काळा डोंगर या अर्थीं कृष्णगिरि, त्याचें कण्हगिरि, आणि त्याचें कान्हेरी. येथें शंभराहून अधिक लेणीं आहेत, आणि इसवी सनाच्या आरंभापासून दहाव्या-अकराव्या शतकापर्यंतचा वावर त्यांत दिसतो.

सर्व लेणीं पाहण्याचा हव्यास धरूं नये. चार-पांच नीट पाहावींत. तिसऱ्या क्रमांकाचें चैत्यगृह हें सामुदायिक उपासनेचें मंदिर. त्याची घडण कार्ल्याच्या चैत्यासारखी आहे, आणि ओसरींत दोन्हीं बाजूंस सुमारें सात मीटर उंचीच्या बुद्धमूर्ति उभ्या आहेत. अकराव्या लेण्यास दरबार म्हणतात. तेथें दगडाचे दोन लांब, ठेंगणे ओटे समोरासमोर आहेत. संघ एकत्र बसत असे तो येथें. एकेचाळिसाव्या लेण्यांत अकरा मुखांचा अवलोकितेश्वर आहे. त्यानंतर एखाद्या साध्या लेण्यांत शिरावें. ओसरी, आंत खोली, आणि निजावयास दगडाचा ओटा. भिक्षूचा संसार एवढाच. दाराबाहेर पाण्याचें टाकें असतें. शिलालेखांत त्याला पोढी म्हटलें आहे. पावसाचें पाणी खडकांत खोदलेल्या पन्हळींतून या टाक्यांत उतरतें. आषाढापासून तीन महिने भिक्षूंनीं एके जागीं राहावें असा वर्षावासाचा नियम होता. बाकीच्या ऋतूंत पाण्याची ही सांठवण उपयोगी पडे, आणि म्हणूनच डोंगरावर बारमाही वस्ती टिकूं शकली.

आतां प्रश्न असा, कीं हें सर्व कोणाच्या पैशानें झालें? राजांचा आश्रय होता, परंतु भिंतींवरचे लेख वाचतां नांवें मुख्यतः व्यापाऱ्यांचीं, सोनारांचीं, गृहस्थांचीं आणि भिक्षुणींचींही दिसतात. कोणी सोपाऱ्याचा, कोणी कल्याणचा, कोणी चेऊलचा. कोणी एक खोली देतो, कोणी एक टाकें. कोणी कायमची ठेव ठेवून तिच्या व्याजांतून भिक्षूंच्या चीवरांची सोय करतो, कोणी शेत लावून देतो. एका शेताचें गांव मंगलस्थान, म्हणजे आजचें मागाठाणें, बोरिवलीच्या आपल्या स्थानकापासून फार लांब नाहीं. थोडक्यांत, हा विहार वर्गणीवर उभा राहिला. मग आपण वर्गणी काढून तो पाहावयास गेलों, तर त्यांत कमीपणा कसला?

या वर्गणीचा हिशेब समजून घ्यावा. सहलीचे खर्च दोन प्रकारचे असतात. गाडीचें भाडें, उद्यानाचें आणि लेण्यांचें प्रवेशशुल्क हे माणशीं पडतात. मंडळी कितीही असोत, ते कमी होत नाहींत. वाहन, माहिती सांगणारा जाणकार आणि बरोबर घ्यावयाचें पुस्तक हे सामाईक खर्च. समजा, सामाईक खर्च तीन हजार रुपये झाला. पांच जणांत तो माणशीं सहाशें पडेल आणि वीस जणांत दीडशें. पण विसाच्या पुढें जाऊं नये. मंडळी चाळीस झाली तर पन्नास-पाऊणशें रुपये वांचतील, परंतु लहानशा खोलींत कोणासच कांहीं दिसणार नाहीं, आणि दिवसाचा निम्मा भाग माणसें मोजण्यांत जाईल. विसांचेही दोन गट करावेत. एकानें वरून आरंभ करावा, दुसऱ्यानें खालून.

आणखी चार गोष्टी. सोमवारीं कान्हेरी बंद असते, म्हणून तो वार टाळावा. कार्तिकापासून माघापर्यंतचा काळ सुखाचा. पावसाळ्यांत पन्हळी वाहतांना दिसतात, पण पायऱ्या निसरड्या असतात, तेव्हां वृद्धांस नेऊं नये. भाकरी-भाजीचा फराळ घरून न्यावा. मात्र माकडांपासून जपावें आणि कचरा परत आणावा. भिंतीला हात लावूं नये, मग नांव कोरणें दूरच राहिलें.

नांव कोरण्यावरून एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. नव्वदाव्या लेण्यांत पहलवी लिपींत कांहीं लेख आहेत. इ. स. १००९ आणि १०२१ मध्यें पारशी मंडळींचे जथे येथें येऊन गेले आणि आपलीं नांवें मागें ठेवून गेले. विहाराचे भरभराटीचे दिवस तेव्हां सरत आले होते. परधर्माचीं माणसें मिळून डोंगर चढलीं आणि पाहून परतलीं. त्यांचे लेख आज इतिहासाचें साधन झाले आहेत, म्हणून आपण तोच मार्ग धरावा असें मात्र नाहीं. आपलीं नांवें वर्गणीच्या वहींत राहूं द्यावींत.

संध्याकाळीं गाडींत बसल्यावर प्रत्येकानें आपण काय पाहिलें तें दोन वाक्यांत शेजाऱ्यास सांगावें. अशोकानें यात्रेंत धर्मचर्चा सांगितली आहे. विरारपासून वैतरण्यापर्यंतचा वेळ तिला पुरेसा आहे.