उंदीर, जस्त आणि कोलेस्टेरॉल

शक्तीसाठी म्हणून जस्ताच्या गोळ्या महिनोन् महिने घेणारे रुग्ण माझ्याकडे येतात. ‘डॉक्टर, खनिजच ते, त्याने काय अपाय होणार?’ असे विचारतात. त्यांना मी उंदरांची हकीगत सांगतो.

१९१३ साली रशियात अनिच्कोव्ह यांनी सशांना सूर्यफुलाच्या तेलातून कोलेस्टेरॉल खाऊ घातले. त्यांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल भरमसाट वाढले, रक्तवाहिन्यांत आतून चरबी साचली. उंदरावर मात्र अशा आहाराचा फारसा परिणाम होत नाही. जादा कोलेस्टेरॉलपासून त्याचे यकृत पित्ताम्ले बनवते. ससा बिचारा पाला खाणारा, त्याला हे तितके जमत नाही.

पण या चिवट उंदरांचेही कोलेस्टेरॉल १९७३ मध्ये अमेरिकेतील क्लेव्हे यांनी वाढवून दाखवले. पोटात जाणाऱ्या तांब्याच्या मानाने जस्त वाढवले, एवढेच! जादा जस्त आतड्यात तांब्याचे शोषण अडवते.

उंदराचे ते माणसाचे असे नसते, हे खरे. पण १९८० मध्ये अमेरिकेत १२ निरोगी पुरुषांना रोज १६० मिलिग्रॅम जस्त पाच आठवडे दिले, तेव्हा त्यांचे हितकारक एचडीएल कोलेस्टेरॉल सुमारे पाव हिश्शाने घटले. आपली रोजची गरज २० मिलिग्रॅमच्या आतच असते.

तेव्हा वाचकहो, या गोळ्या मनाने घेऊ नका. मुलांना जुलाबात डॉक्टर ठरावीक दिवस जस्त देतात, ते मात्र पूर्ण द्या. तांबे तीळ, शेंगदाणे, डाळींतून मिळते. त्यासाठी तांब्याच्या भांड्यात ताक ठेवून पिऊ नका. आंबटाने तांबे उतरते आणि उलट्या होतात.