मांजराच्या पाण्याचा जमाखर्च

वस्तुमान संतुलनाचा नियम घरच्या मांजराला लावून पाहा. 4 किलोच्या मांजराला दिवसाला साधारण 200 मिलि पाणी लागते. ओल्या खाद्यात सुमारे 80 टक्के पाणी असते. 240 ग्रॅममधून 192 मिलि मिळते. कोरड्या खाद्यात सुमारे 10 टक्के. दिवसभराच्या 60 ग्रॅममधून केवळ 6 मिलि. (चयापचयात तयार होणारे थोडे पाणी येथे धरलेले नाही.) उरलेले पाणी वाटीतूनच यायला हवे. पण मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले; त्याला तहान कमी लागते. तूट राहिली की लघवी दाट होते, खड्यांचा धोका वाढतो. म्हणून कोरडे खाद्य पाण्यात भिजवून द्या, पाण्याच्या वाट्या दोन-तीन ठिकाणी ठेवा. बोका कुंथूनही लघवी होत नसेल, तर ताबडतोब पशुवैद्याकडे न्या. उशीर जिवावर बेततो.