परमुलखात आधी सोबत शोधावी



ऊसबिलाचे पैसे आणि वर कर्ज घालून आपल्यापैकी कोणी पोराला परदेशी शिकायला पाठवतो. विमान सुटलं की घरचे म्हणतात, "चला, मार्गी लागला." पण खरी परीक्षा तिथूनच सुरू होते.

रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव. फेब्रुवारी १९१३ मध्ये त्यांचे वडील वारले. जुलैमध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कला पोहोचले. वय अवघं बावीस. कोलंबिया विद्यापीठाच्या वसतिगृहातलं जेवण त्यांना मानवेना. पण ते कुढत बसले नाहीत. आठवडाभरात त्यांनी जागा बदलली आणि काही हिंदी विद्यार्थी राहत होते तिथे गेले. पुढे नवल भथेना या पारशी मित्राबरोबर दुसऱ्या वसतिगृहात बिऱ्हाड केलं. ही सोबत जन्मभर टिकली.

नंतर ते लंडनला गेले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. मुंबईत प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले. १९२० मध्ये पुन्हा निघाले तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली आणि पाच हजार रुपये उसने दिले ते याच नवल भथेनांनी! लंडनला खाण्याचे हालच होते. रात्री भूक लागली की ओळखीच्या माणसाने दिलेल्या पापडांवर भागवायचं आणि पुन्हा पुस्तक उघडायचं. इकडे रमाबाई काटकसरीने घर सांभाळत होत्या. १९२३ मध्ये डी.एस्सी. पदरात पडली.

तेव्हा मंडळी, फी भरली, तिकीट काढलं, एवढ्यावर थांबू नका. फोनवर मार्क विचारण्याआधी विचारा, "जेवतोस काय? खोलीत सोबत कोण? अडीनडीला कोणाचं दार ठोठावशील?" एकमेकांच्या आधाराने उभं राहणं आपल्याला नवं नाही, सहकार तो हाच.

बाबासाहेब लंडनला १९२१-२२ मध्ये राहिले ते घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतलं. पत्ता : १०, किंग हेन्रीज रोड. पोरगं लंडनला असेल तर एखाद्या रविवारी तिथं जाऊन यायला जरूर सांगा; आणि एकट्याने नको, मित्राला घेऊन!