व्यसन सुटले, पुस्तकांचे काय?

चातुर्मासात महाराज साहेबांच्या प्रवचनानंतर उभे राहून धूम्रपानाचे पच्चक्खाण घेणारे श्रावक आपल्या समाजात नवे नाहीत. सप्तव्यसनांच्या जुन्या यादीत तंबाखूचे नाव आढळत नाही, ते केवळ ती यादी झाली तेव्हा तंबाखू या देशात आलेलीच नव्हती म्हणून. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती पुढे आली आणि पेढ्यांच्या गाद्यांपर्यंत पोहोचली. नियम घेतल्याने सिगारेट सुटते; परंतु तिने घरात मागे ठेवलेला धूर सुटत नाही, हे त्यानंतर काही दिवसांनी कळते. धूम्रपान थांबताच घ्राणेंद्रिय हळूहळू पूर्ववत होऊ लागते आणि घरच्या मंडळींना वर्षानुवर्षे येणारा वास त्या गृहस्थास प्रथमच जाणवतो.

मराठवाड्यातील मोंढ्याच्या एका गावी असेच घडले. तेथील एका वयस्क आडत व्यापाऱ्याने संवत्सरीस नियम घेतला. पेढीच्या माडीवर त्यांच्या वडिलांनी जमविलेला ग्रंथसंग्रह होता: आगमांचे अनुवाद, स्तवनांची पुस्तके, जुन्या कादंबऱ्या आणि लाल कापडी बांधणीच्या काही चोपड्या. रात्रीचा मेळ याच खोलीत जमत असे आणि सिगारेटही येथेच पेटत असे. आता नातवाने येथे बसून वाचावे अशी त्यांची इच्छा. नातवाला दम्याचा त्रास. सुनेने नम्रपणे पण स्पष्टच सांगितले, "पप्पाजी, आपण सिगारेट सोडली, पुस्तकांनी अजून सोडलेली नाही." मुलाने सर्व रद्दीत देण्याचे सुचविले. शास्त्रग्रंथ रद्दीत घालणे ही ज्ञानाची आशातना, तेव्हा तो मार्ग बंदच होता.

सुनेची धास्ती अनाठायी नव्हती. धुरातील डांबराचे सूक्ष्म कण आणि निकोटिन कागदाच्या सच्छिद्र तंतूंत शिरून बसतात व पुढे महिनोन्‌महिने हवेत परत येत राहतात. दमट दिवसांत वास अधिक जाणवतो. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेच्या संशोधकांनी 2010 मध्ये दाखवून दिले की, पृष्ठभागावर साचलेले निकोटिन घरातील हवेतल्या नायट्रस आम्लाशी संयोग पावून कर्करोगकारक द्रव्ये निर्माण करते. हे आम्ल गॅसच्या शेगडीतून व वाहनांच्या धुरातूनही येते. म्हणजे प्रश्न केवळ नाकाचा नाही.

अशा वेळी हाती प्रथम लागते ती उदबत्ती किंवा अत्तराचा फाया. दोन्ही व्यर्थ, एका वासावर दुसरा बसतो इतकेच, आणि उदबत्तीचा तर पुन्हा धूरच. कडक उन्हात पुस्तके पसरल्यास कागद पिवळा पडून ठिसूळ होतो. डांबराच्या गोळ्या कागदाला स्वतःचा वास लावतात, शिवाय जीवहिंसा घडते ती वेगळीच. वास घालविण्यासाठी ओझोन वायूची यंत्रेही मिळतात. परंतु तो वायू कागदाचे तंतू कमकुवत करतो व फुप्फुसांनाही घातक असतो. दमेकऱ्याच्या घरात त्याचा विचारही नको.

उपयोगी पडतो तो सक्रिय कोळसा. हा शेगडीतला कोळसा नव्हे. विशेष प्रक्रियेने त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे पाडलेली असतात आणि त्याच्या एका ग्रॅमचे अंतर्गत क्षेत्रफळ 500 चौरस मीटरहूनही अधिक भरते. मोटारीत किंवा शीतकपाटात ठेवण्याच्या पुड्यांच्या रूपाने तो मिळतो. खाण्याचा सोडाही चालतो व स्वस्त पडतो. मात्र त्याची खरी पकड आम्लधर्मी वासांवर असते आणि निकोटिन आहे अल्कधर्मी. म्हणून सोड्यावर सर्व भिस्त ठेवू नये, आणि तो पानांवर तर मुळीच भुरभुरू नये. शिवणीत अडकलेली पूड निघता निघत नाही.

त्या व्यापाऱ्यांनी आधी माडी रिकामी केली. पडदे व गादीचे अभ्रे धुतले, फळ्या साबणाच्या पाण्याने पुसून कोरड्या केल्या. खोलीच धुरकट राहिली तर स्वच्छ पुस्तक पुन्हा वास धरणार हे उघड आहे. नंतर प्रत्येक पुस्तक मऊ पूंजणीने जयणापूर्वक झाडले. त्यात कसर आढळल्यास ती अलगद बाजूला करण्यात आली. गुळगुळीत वेष्टने किंचित ओलसर फडक्याने, तर कापडी बांधणी कोरड्या फडक्याने पुसली. मग घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या पेट्यांत पुस्तके उभी, पाने थोडी उलगडलेली अशी ठेवून तळाशी उघड्या वाटीत कोळसा आणि सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या. पावसाळा सरलेला नसताना बंद पेटीत दमट कागद ठेवला तर बुरशी धरते, म्हणून हे जेल. आठवड्यातून एकदा पुस्तके पंख्याच्या वाऱ्यात, सावलीत उघडी ठेवली जात. कोळसाही बदलला जाई.

कार्तिक शुद्ध पंचमीस, ज्ञानपंचमीला, पहिल्या पेट्या उघडल्या. या दिवशी ग्रंथ झाडून-पुसून पूजण्याची आपली प्रथा पावसाळ्यानंतर लगेच यावी, हा योगायोग नसावा. गुळगुळीत कागदाची पुस्तके बहुतेक शुद्ध झाली होती. खरखरीत स्वस्त कागदाच्या कादंबऱ्या मात्र हट्टी निघाल्या. त्यांना आणखी महिनाभर पेटीतच राहावे लागले, आणि कडांचा पिवळेपणा तर कोणत्याच उपायाने जाणारा नव्हता. तीन-चार पुस्तकांचा वास उरलाच. ती काचेच्या वेगळ्या कपाटात गेली, त्यांच्या नव्या प्रती मागविल्या. पोथ्यांना नवे रुमाल आले व ज्ञानभांडारांच्या जुन्या रिवाजाप्रमाणे त्यांच्याजवळ वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवल्या गेल्या.

भिंतींचे काम अद्याप शिल्लक आहे. धुराचा पिवळा थर धुऊन काढल्याविना व अस्तर लावल्याविना रंग दिला, तर डाग वर उमटतात. रंगाऱ्याला ते दोनदा सांगावे लागले. तोवर नातवाचे वाचन खालच्या ओसरीवरच चालते आणि आजोबा त्याला हवे ते पुस्तक माडीवरून आणून देतात.