घोळणा फुटला, पण हाड?

झोपाळ्याची फळी सपकन नाकावर बसली. पोरानं टाहो फोडला, घोळणा फुटला, आणि तासाभरात नाकाचं असं काही भजं झालं की ते सरळ आहे की वाकडं, हे आईलाही सांगता येईना. हाड मोडलंय का?

एक्स-रे काढा की, असं आपण म्हणतो. पण आधी स्वतःच्या नाकाचा शेंडा दाबून बघा. दबतो, वळतो, सोडला की परत जागेवर! ती कूर्चा. खरं हाड वर, चष्मा टेकतो तिथे. दोन छोट्या पट्ट्या, मधोमध जुळलेल्या. मुलांमध्ये त्या आणखीच इवल्याशा. बाकी सगळा कारभार कूर्चेचा. आणि एक्स-रेमध्ये कूर्चा जवळजवळ दिसतच नाही. त्यातून हाडांमधले नैसर्गिक सांधे फोटोत बारीक रेघा होऊन उमटतात, त्यांच्यावरून तडा गेल्याचा भास होतो. सीटी स्कॅनमध्ये हाड स्वच्छ दिसतं, पण किरणांचा मारा जास्त. शिवाय तीन वर्षांच्या पोराला हलू नकोस म्हणून सांगणार कोण?

अशा वेळी कामाला येते सोनोग्राफी. हो, पोटातलं बाळ दाखवते तीच! आता तुम्ही म्हणाल, ध्वनिलहरी हाडातून पलीकडे जातात कुठे? नाहीच जात. हाडावर आपटून बहुतेक परत फिरतात, ही सोनोग्राफीवाल्यांची जुनी रड. पण इथे पलीकडचं बघायचंय कुणाला? हाड कातडीखाली जेमतेम काही मिलिमीटरवर, आणि आपल्याला हवा फक्त त्याचा दर्शनी भाग. एरवी नडणारी खोड इथे चक्क पथ्यावर पडते.

नाकावर गार जेलचा गोळा, त्यावर अलगद प्रोब. आपल्याला सेकंदाला 20 हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. हा प्रोब करतो साधारण दीड कोटी! शरीराच्या मऊ भागात आवाज सेकंदाला सुमारे 1540 मीटर धावतो. भागाकार करून बघा: एका लहरीची लांबी फक्त 0.1 मिलिमीटर. म्हणून तर बारीकशी चीरही टिपता येते. पाच मिलिमीटर खोलीवरून प्रतिध्वनी परत यायला लागतात सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी सहा-सात भाग. तो ऐकतं कोण? ज्यानं आवाज काढला तोच, प्रोबमधला स्फटिकाचा तुकडा! दाबलं की वीज देणारे स्फटिक पिएर आणि झाक क्युरी या भावांना 1880 मध्ये सापडले. वीज दिली की तेच स्फटिक आक्रसतात-फुगतात, हे त्यांनी पुढच्याच वर्षी दाखवून दिलं. तोंडही तेच, कानही तेच.

पडद्यावर हाड दिसतं ते खडूनं ओढलेल्या रेघेसारखं, पांढरंशुभ्र. रेघ अखंड असेल तर उत्तम. मध्येच तुटली, किंवा एक टोक पायरीसारखं खाली बसलं, तर हाड मोडलंय. वरची सूज कितीही असो, रेघ काही लपत नाही. मुलांची हाडं भराभर जुळतात, वाकडं नाक बसवायचं तर साधारण आठवड्याभरातच. त्यामुळे हे लवकर कळणं मोलाचं.

एक गोष्ट मात्र या रेघेवर सोडू नका. मार लागल्यावर नाकाच्या मधल्या पडद्यात रक्त साकळू शकतं. तिथल्या कूर्चेला वरच्या अस्तरातूनच रक्त मिळतं; साकळलेल्या रक्तानं ते अस्तर सुटलं की काही दिवसांत कूर्चा मरते आणि नाक बसतं. म्हणून हाड शाबूत निघालं तरी, पोराचं नाक चोंदलेलं असेल, दुखणं वाढत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना नाकाच्या आत बघायला सांगा. त्याला टॉर्च पुरतो.