औषधाचा रिकामा डबा घरात नको

कपाशीचा हंगाम सरत आला की अमरावती, अकोल्याच्या भंगार दुकानांत एक माल हमखास येतो : फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे आणि कॅन. प्लॅस्टिक जाड, झाकण घट्ट, भाव किरकोळ. घेणारा त्यात डिझेल ठेवतो, कोणी पाणी, तर कोणी चक्क गोडे तेल. भंगाराच्या धंद्यात आपले बरेच बांधव आहेत, म्हणून सुरुवात त्यांच्यापासूनच करतो.

बिहारमध्ये सारण जिल्ह्यातील गंडामन गावच्या शाळेत १६ जुलै २०१३ रोजी दुपारचे जेवण जेवून २३ मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस निघाले. तेल कीटकनाशकाच्या डब्यात ठेवले गेले होते, असे तेव्हा अधिकाऱ्यांनी सांगितले. हे औषध वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला नवे नाही. कपाशीवर ते वर्षानुवर्षे फवारले गेले. अशी औषधे पोटात जावी लागतात असेही नाही, ती कातडीतूनही भिनतात. २०१७ च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. आपल्या दोन्ही जिल्ह्यांतही विषबाधेचे रुग्ण निघाले.

डबा कितीही विसळला तरी औषधाचा अंश उरतोच. कीटकनाशक नियम, १९७१ प्रमाणे असा डबा पुन्हा वापरात येणार नाही अशी विल्हेवाट लावायची असते. तेव्हा भंगारवाल्या बांधवांना आमची विनंती आहे की, अख्खा डबा गिऱ्हाइकाला विकू नका. दोन रुपये सुटतील, पण तो डबा कोणाच्या चुलीजवळ जाऊन बसेल हे आपल्या हातात राहत नाही.

आता किराणा आणि हार्डवेअरवाले. संडास-मोरी धुण्याचे तेजाब आणि फिनाईल सुटे विकण्याची आपल्याकडे जुनी रीत. गिऱ्हाईक पाण्याची किंवा सरबताची रिकामी बाटली घेऊन येते, आपण भरून देतो. घरी ती बाटली मोरीत नाहीतर माठाजवळ उभी राहते. लेकरू पाणी समजून तोंडाला लावते. बाटलीवर नाव नसले की विष आणि सरबत सारखेच दिसते. स्वस्ताचा माल गरीब गिऱ्हाइकालाच लागतो, हे आम्हाला मान्य आहे. म्हणून सुटे बंद करा असे सांगून आम्ही मोकळे होत नाही. फिनाईल द्यायचे तर आपल्याच बाटलीत, मोठ्या अक्षरांची चिठ्ठी लावून द्या.

तेजाबाचे मात्र तसे नाही. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २०१३ रोजी त्याच्या विक्रीवर निर्बंध घातले. घेणाऱ्याचे नाव, पत्ता, माल किती आणि कशासाठी, याची नोंदवही हवी. सरकारी फोटो ओळखपत्र पाहावे लागते. १८ वर्षांखालील कोणालाही देता येत नाही. साठा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांना कळवला नाही तर माल जप्त आणि ५० हजारांपर्यंत दंड. परवान्याशिवाय तेजाब विकणारा दुकानदार दहा-वीस रुपयांच्या नफ्यासाठी केवढी जोखीम घेतो, याचा हिशेब त्याने स्वतःच करावा.

गिऱ्हाइकाला एक गोष्ट तोंडी जरूर सांगा : तेजाब आणि ब्लीचिंग पावडर कधी एकत्र करू नये. दोन्ही मिळून क्लोरीन वायू सुटतो. मोरीचे दार लावून घासणाऱ्या बाईचा श्वास तिथेच कोंडतो. जास्त टाकले म्हणजे जास्त साफ, हा गैरसमज आहे.

आपल्या कारागिरांची अडचण वेगळी. सोनार, कल्हईवाले, बॅटरीवाले यांच्यातल्या कित्येकांचे घर आणि कारखाना एकच. पुढच्या खोलीत तेजाब आणि नवसागराचा धूर, मागच्या खोलीत स्वयंपाक. जागा वाढवणे सर्वांना जमत नाही. पण काम खिडकीपाशी किंवा ओसरीवर करणे, मुलांना त्या वेळी दूर ठेवणे, बाटल्यांना कुलूप लावणे जमते. बॅटरीवाल्यांनी कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नयेत, कारण शिशाची धूळ कपड्यांतून लेकरांपर्यंत जाते. ईदच्या आधी रंगकाम करणाऱ्यांनाही हेच लागू. घरगुती रंगातील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा २०१७ पासून आली, पण जुन्या दारा-खिडक्यांवरचा रंग त्याआधीचा. तो कोरडा घासू नका, पाणी मारून ओला घासा आणि खरवड झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने टिपा.

इतके करूनही कोणी तेजाब किंवा रॉकेल प्यायलेच, तर उलटी करवू नका. वर येताना ते घसा पुन्हा जाळते, रॉकेल फुप्फुसात उतरते. तोंड पाण्याने धुवा, अंगावर सांडले असेल तर कपडे काढून बराच वेळ पाणी ओता आणि सरळ दवाखाना गाठा. जाताना ती बाटली किंवा डबा सोबत घ्या. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात : काय प्यायले?