प्रोमिथियसची सुटका म्हणजे मोक्ष नव्हे

प्रोमिथियस हा ग्रीकांचा दधीची. त्याने माणसासाठी यातना सोसल्या, त्या तपात त्याचा अहंकार जळाला आणि तो मुक्त झाला. अध्यात्मावरच्या व्याख्यानांत हे इतक्यांदा कानावर पडतं की मूळ कथा सांगणं आता भाग आहे.

ग्रीक कवी हेसिअडचं 'थिऑगनी' हे काव्य इ.स.पू. ७००च्या सुमाराचं. त्यात प्रोमिथियस बळीच्या वाटपात देवांचा राजा झ्यूस याला फसवतो, चरबीखाली नुसती हाडं झाकून ठेवतो. चिडलेला झ्यूस माणसांना अग्नी देणं थांबवतो, प्रोमिथियस तो पोकळ देठातून पळवतो. मग साखळदंड आणि रोज यकृत खाणारा गरुड. यात तप कुठे आलं? दधीचीने अस्थी आपण होऊन दिल्या, याला जखडावं लागलं. गरुडाला पुढे हेराक्लीस मारतो, तेही झ्यूसच्या संमतीने. कारण हेसिअडच देतो: हेराक्लीस झ्यूसचा मुलगा, त्याची कीर्ती वाढावी. मनःशुद्धीचा तिथे शब्दही नाही.

एस्किलसच्या नावावरच्या 'बद्ध प्रोमिथियस' नाटकात (कर्तृत्वाबद्दल अभ्यासकांत वाद आहे) तो खरोखर माणसांचा कैवारी आहे. झ्यूस मानवजात संपवायला निघाला होता, ती याने वाचवली. अंकगणित, अक्षरं, औषधं दिली. गुन्हा जाणूनबुजून केला, असं तो म्हणतो; पण शिक्षा एवढी भयंकर असेल असं वाटलं नव्हतं, हेही म्हणतो. अहंकार जळणं दूरच, शेवटपर्यंत तो झ्यूसपुढे मान तुकवत नाही. झ्यूसची सत्ता उलथवू शकणाऱ्या विवाहाचं गुपित त्याच्याकडे आहे. रोमन लेखक हायजिनसच्या कथासंग्रहात ते गुपित सांगण्याच्या मोबदल्यातच सुटका होते. हा सरळ सौदा आहे! प्रोमिथियसची थोरवी न झुकण्यात आहे, आणि त्याला तपस्वी केलं की नेमकी तीच हरवते. आपल्या ओळखीचा हुतात्मा प्रोमिथियस बराचसा इंग्रज कवी शेलीच्या १८२०च्या नाट्यकाव्यातला आहे.

यकृत पुन्हा वाढतं हे वैद्यकीय सत्य ग्रीकांना ठाऊक होतं, असंही या कथेवरून सांगितलं जातं; त्याला पुरावा नाही. हेसिअड त्या यकृतालाच अमर म्हणतो, एवढंच.

अशीच गत ग्रीक कथांतल्या सिसिफसची. तो म्हणजे निष्काम कर्मयोगी? 'ओडिसी'त तो फक्त घाम गाळत शिळा ढकलतो. त्याला सुखी मानायला सांगितलं ते फ्रेंच लेखक काम्यूने, १९४२ साली.

मग ग्रीकांना मुक्ती माहीतच नव्हती, हेही खोटं. दक्षिण इटलीतल्या थुरी इथल्या थडग्यांत इ.स.पू. चौथ्या शतकातले सोन्याचे पातळ पत्रे सापडले. त्यांतल्या एकावर मृतात्मा पाताळाच्या राणीला सांगतो, की दुःखाच्या चक्रातून आपण सुटलो आहोत. मोक्षाशी तुलना करायचीच असेल, तर ती या पत्र्यांशी करावी.